वाचेचा अडसर
(तासगाव येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या घरातील एका वृद्धांस अर्धांगवायूचा झटका आला. पुढे ते मनाचे श्लोक म्हणू शकत. परंतु तहान लागली असता ‘पाणी’ एवढा शब्द त्यांस जुळविता येत नसे. ते हट्ट करतात असे समजून आम्ही त्यांच्यावर रागावलो. ती चूक आम्हांस अद्याप सलते.

या विकारास ‘अ‍ॅप्रॅक्सिया’ म्हणतात. यात जीभ लुळी पडलेली नसते, की बुद्धी गेलेली नसते. जीभ, ओठ व जबडा यांनी कोणत्या क्रमाने हलावे, ही मेंदूतील आखणी बिघडते. तोंडवळणी पडलेले सहज निघते. हेतुपूर्वक बोलू जाता अडते.

काही मुलांत हा दोष बालपणापासूनच असतो. एकच शब्द ती तीन वेळा तीन तऱ्हांनी उच्चारतात. आपल्याकडे अशा मुलांच्या जिभेस वेखंड उगाळून लावतात. त्याने हा दोष जात नाही. प्रथम कान तपासून घ्यावेत व वाचोपचारतज्ज्ञ गाठावा. सांगली-मिरज आपणांस जवळ आहे. मुंबईस वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही आहे. तज्ज्ञ दाखवील त्याप्रमाणे घरी रोज थोडा वेळ, समोरासमोर बसून, ओठ दिसू देत, संथपणे, मांडीवर ताल धरून तेच ते शब्द घोटून घ्यावे लागतात. मुलाची चेष्टा मात्र होऊ देऊ नये.

आमच्या वृद्धांस चवथ्या महिन्यात ‘पाणी’ म्हणता आले. ‘पा’वर ते क्षणभर थांबत, आणि आम्हीही थांबत असू.