आपल्या पायाखालची माती
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी गिरणीत घाम गाळलेला माणूस. पुस्तकं वाचून, जाणत्यांना विचारून जे कळलं तेवढंच सांगतो.

तरुण मंडळी विचारतात, रेडॉन म्हणजे काय हो? रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. खडकातल्या युरेनियमपासून तो तयार होतो आणि कोंदट खोलीत साठतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानाखालोखाल ते मोठे कारण आहे. पण आपल्या पारसिक डोंगराचा काळा पत्थर म्हणजे बेसाल्ट. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम फार कमी. तेव्हा घाबरू नका. तळमजल्याच्या खिडक्या उघड्या ठेवा, लादीच्या भेगा बुजवा.

आपला खरा प्रश्न निराळा आहे. दिघ्यापासून नेरूळपर्यंत कारखान्यांचा पट्टा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातले ८८ औद्योगिक विभाग तपासले. सत्तरच्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. नवी मुंबईला ७३.७७ गुण मिळाले! शाळेत एवढे मिळाले तर पेढे वाटतात. इथे मान खाली जाते.

भोपाळ आठवा. वायुकांड १९८४ चे. पण आवारातला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला नेऊन जाळायला २०२५ साल उजाडले. हवेतले विष वारा नेतो, मातीतले पाण्यात उतरते. भोगतो कोण? कारखान्याच्या भिंतीला लागून ज्याची झोपडी, तो. स्वस्त जागा आपल्याच वाट्याला येते.

म्हणून माता-भगिनींनो, केमिकलचे जुने पिंप पाण्याला घेऊ नका. प्लास्टिकात मुरलेले धुऊन निघत नाही. पाणी उकळून जंतू मरतात, शिसे जात नाही. भरावाच्या जमिनीत भाजी लावू नका, चांगली माती आणून कुंडीत लावा. जुन्या बॅटऱ्या दारात फोडू नका. पोरांचे हात जेवणाआधी साबणाने धुवा. शिसे पोरांच्या मेंदूला बाधते.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांचे नियम काढले. संशयित जागा राज्य मंडळाला कळवणे हे स्थानिक संस्थेचे व जिल्हा प्रशासनाचे काम. साफसफाईचा खर्च घाण करणाऱ्याचा. मग नुसती कुरकुर कशाला? जागा, तारीख, पाण्याचा रंग, वास लिहा, फोटो जोडा. शिकलेल्या मुलांनी अर्ज लिहावा, अख्ख्या वस्तीने सह्या कराव्यात. महापालिकेत आणि मंडळात द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम!