मोकळी जमीन ही चैन नव्हे



मी गिरणी कामगार. उकाडा म्हणजे काय, ते साचेखात्यात शिकलो. आज तोच उकाडा आपल्या पत्र्याच्या घरात शिरला आहे. हवामान बदलतंय. ऊन वाढतंय, पाऊस एकदम कोसळतोय. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी जिरायला माती होती कुठं? जिकडे तिकडे सिमेंट!

झाड सावली देतं, पानांतून वाफ सोडून हवा थंड करतं. उघडी माती पाणी पिते. पैसेवाला एसी लावील. गरिबाचा एसी म्हणजे झाड.

1991 च्या नियमानं मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागेला मिळणार होती. 2001 साली नियम बदलला. गिरणी पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून वगळली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल कायम ठेवला. तिथं टॉवर उठले. मी तेव्हा घरासाठी मोर्चात चाललो, ते योग्यच होतं. पण बागेची जागा चालली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ही चूक मी कबूल करतो.

तरी निराश होऊ नका. धारावीशेजारचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान एके काळी कचऱ्याचं डंपिंग होतं. आज तिथं दाट झाडी आहे.

म्हणून सांगतो, विकास आराखड्यात आपल्या वॉर्डातली कोणती जागा मैदानासाठी, बागेसाठी राखीव आहे ते पाहून या. तिच्यावर पहारा ठेवा. झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट काढायला लावा. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, एवढं बोलून मी थांबतो.