गावची शिला आणि परमुलखातील थडगी

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ शिपाई कामास आले. त्यांचे स्मारक गावात उभे आहे. युद्ध संपल्यावर सरकारने हिंदुस्थानातील अनेक खेड्यांत अशा शिला बसविल्या. त्यांवरील मजकूर बहुधा एकाच साच्याचा असे: या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे दोन, नाव एकही नाही.

आपल्याकडील वीरगळांवरही नाव क्वचितच आढळते. परंतु तेथे निदान मरणाचा प्रसंग तरी कोरलेला असतो: खाली झुंजून पडलेला वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, शिखराशी शिवपूजन. सरकारी शिलेवर तेवढेही नाही. मरण कोठे आले, कसे आले, हे गावाने शोधावयाचे तरी कोठे?

मराठा शिपायांच्या बाबतीत त्याचे उत्तर पुष्कळदा मेसापोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात सापडते. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आले आणि सेनापतींना बगदादची हाव सुटली. रसद तुटपुंजी, औषधपाण्याची व्यवस्था त्याहून वाईट. तरी फौज तैग्रीसच्या काठाने पुढे रेटण्यात आली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफनच्या लढाईत तिची दमछाक झाली व जनरल टाउनशेंड कूत गावी माघारे आले. ७ डिसेंबर रोजी तुर्कांनी वेढा आवळला.

हा वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य सरत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपायांनी ते मांस प्रथम नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती मागवावी लागली, आणि ती आल्यावरही पुष्कळांचे मन धजेना. रक्तपिती व अतिसाराने माणसे झिजली. वेढा फोडण्यासाठी बाहेरून आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे जायबंदी झाली किंवा मेली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले. सुमारे १३,००० लोक कैद झाले. त्यांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले. त्यांतले हजारो परतलेच नाहीत.

त्यांची थडगी कोठे आहेत? अमारा शहरी तैग्रीसच्या डाव्या तीरावरील हिंदी दफनभूमीत सुमारे ५,००० हिंदी सैनिक आहेत. दफनाच्या नीट नोंदीच न ठेवल्याने त्यांतील जवळजवळ कोणाचीही ओळख पटत नाही. दहन झालेल्या हिंदू शिपायाला थडगे नसते, हे खरे. पण म्हणूनच त्याचे नाव दगडावर येणे अधिक अगत्याचे होते. १९२९ मध्ये उघडलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची गणना आहे. तेथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरले गेले. हिंदी अधिकाऱ्याचेही आले. साध्या हिंदी शिपायाची मात्र पलटणवार संख्या लिहून भागविण्यात आले. सर्व मृतांस समान मान, हे तर स्मारके उभारणाऱ्या आयोगाचे घोषित तत्त्व होते! २०२१ मध्ये त्याच आयोगाच्या विशेष समितीने हा पक्षपात मान्य केला व आयोगाने क्षमा मागितली.

दुसऱ्या महायुद्धात निराळे घडले. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, सारे सोबती पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर तुटून पडले, मोर्चा घेतला, आणि तेथेच गोळी लागून ठार झाले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगे त्यांचेही ज्ञात नाही. पण कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे, आणि माणगावात पुतळा आहे.

बसऱ्याचे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलविण्यात आले. अपशिंग्यातील तरुण आजही फौजेत भरती होतात.