आवळ्याची सुपारी

एखादी गोष्ट सर्व बाजूंनी स्वच्छ दिसू लागली म्हणजे संस्कृत पंडित ती ‘करतलामलकवत्’ झाली असे म्हणत. तळहातावर ठेवलेल्या आवळ्यासारखी. उपमेसाठी त्यांना रत्न किंवा मोती सुचला नाही, आवळा सुचला. यावरून हे फळ त्या काळी किती हाताशी असे याची कल्पना येते. पुढे मराठीने ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ असा वाक्प्रचार घडविला आणि आवळ्याची किंमत कोहळ्यापेक्षा कमी ठरविली. आकाराच्या दृष्टीने हा हिशेब बरोबर आहे. गुणांच्या दृष्टीने तो उलटा आहे.

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते. चिंच, बोर, ऊस यांच्याबरोबर आवळाही वृंदावनात ठेवला जातो आणि अनेक घरांत त्यानंतरच नवा आवळा तोंडात घालण्याची रीत आहे. याच महिन्यात आवळीच्या झाडाखाली भोजन करण्याची प्रथा होती आणि क्वचित आजही आहे. यातील धार्मिक भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी एक व्यवहार उरतोच. फळ पुरते भरल्यावाचून ते तोडायचे नाही, आणि भरल्यावर मात्र ते घरात आल्यावाचून राहायचे नाही.

आता त्याच्या गुणांविषयी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम आवळ्यात २५२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दाखविले आहे. जुन्या कोष्टकांत हाच आकडा ६०० होता. आवळ्याविषयी बोलताना अनेकजण अजूनही तो जुना आकडा सांगतात; तो सोडून द्यावा. कारण धाकटा आकडाही पुरेसा मोठा आहे. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीची ६५ मिलिग्रॅम धरली जाते. चाळीस ग्रॅमांचा एक ताजा आवळा, बी वगळूनही, ती भागवू शकतो.

पण ताजा आवळा रोज खाणारे किती? त्याची तुरट-आंबट चव पहिल्या घासालाच माणसाला परतवून लावते. वर पाणी प्यावे म्हणजे ते गोड लागते, हे मुलांना कळले तर त्यांचे काम होते. मोठ्यांचे होत नाही. म्हणून मोरावळा निघाला. मोरावळा म्हणजे औषधाच्या वेशातील पक्वान्न. त्यात आवळ्याच्या वजनाइतकी, कधी त्याहून जास्त साखर असते, आणि घेणारा चमचा मोठा करीत जातो. हल्ली दुकानांत पाकवून वाळवलेले गोड आवळे मिळतात, त्यांचीही जात तीच. रोज येताजाता तोंडात टाकण्याजोगी, साखर नसलेली वस्तू हवी असेल तर ती एकच: आवळ्याची सुपारी. नावात सुपारी असली तरी पदार्थात ती औषधालाही नसते. जेवणानंतर चघळावयाची म्हणून सुपारी, एवढेच.

वाळविलेल्या फळात काय उरते, अशी शंका कोणी घेईल. क जीवनसत्त्व हवेने, उन्हाने आणि उष्णतेने कमी होते, हे खरे. सुपारीत ताज्या फळाइतके ते राहात नाही. परंतु १९३९-४० साली हिसार भागात दुष्काळ पडला, हिरवे काही मिळेना आणि माणसांच्या हिरड्या सुजून त्यांतून रक्त येऊ लागले. हा स्कर्व्ही रोग होता. तेव्हा त्याच्यावर उपाय म्हणून वापरला गेला तो आवळाच. संत्री-मोसंबी दुष्काळी गावांत कोठून यावीत? आवळा वाळवून, पूड करून, पोत्यात भरून नेता येतो. गरिबाच्या फळाचा हा गुण कोष्टकात लिहिलेला नसतो.

सुपारी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक कच्चा आवळा किसण्याचा. तो झटपट होतो, परंतु कीस हवेत काळवंडतो आणि जितका बारीक तितके सत्त्व लवकर जाते. दुसरा वाफविण्याचा, तोच पत्करावा. एक किलो टणक, डाग नसलेले आवळे धुऊन चाळणीवर ठेवावेत आणि खालच्या पातेल्यातील पाण्याच्या वाफेवर दहा मिनिटे शिजू द्यावेत. पाण्यात उकडू नयेत. जे जायचे ते त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. निवाले की अंगावरच्या रेषांनुसार पाकळ्या आपोआप सुटतात. प्रत्येक पाकळीचे दोन-तीन तुकडे करून त्यांना दोन चमचे सैंधव, चमचाभर पादेलोण, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, चुरडलेला अर्धा चमचा ओवा आणि दोन बोटे आल्याचा रस चोळावा. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवावे. लोखंडाची विळी आणि कढई या कामी वर्ज्य, कारण आवळ्यातील तुरट द्रव्ये लोखंडाशी मिळून शाईसारखी काळी होतात.

सकाळपर्यंत तुकड्यांना पाणी सुटते. तुकडे ताटात पसरून, वर पातळ फडके बांधून उन्हात ठेवावे. सुटलेले पाणी फेकू नये, संध्याकाळी पुन्हा त्यांच्यावर शिंपडावे, म्हणजे ते त्यांच्यातच मुरते. सूर्यास्तापूर्वी ताट घरात आणावे. दव लागले की बुरशीला आमंत्रण मिळते. तीन-चार दिवसांत तुकडे दाताला कडक लागू लागले की बरणीत भरावे. किलोभराचे दोनशे ग्रॅमांच्या आसपास हाती येते, हे पाहून पहिल्यांदा करणाऱ्याचा विरस होतो. पण आवळ्यात बहुतेक पाणीच असते. रक्तदाबासाठी मीठ वर्ज्य असलेल्यांनी जिरे आणि आले यांवरच भागवावे.

महाराष्ट्राबाहेरच्या घरांत मात्र पंचांग थोडे बदलावे लागते. पुण्या-मुंबईला मार्गशीर्षातले ऊन या कामासाठी केलेलेच असते. दिल्ली-लखनौकडे आवळा अधिक मोठा आणि स्वस्त. मात्र तिकडचा चकैया रेषाळ असतो, आणि डिसेंबर सरत आला की धुके दुपारपर्यंत हलत नाही. तेथे तुळशीचे लग्न लागताच कामाला लागावे. चेन्नईत नेमके उलट: परतीचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून ताट गच्चीवर जावे ते जानेवारीत. तेथे ‘नेल्लिक्काय’ मागावा, पण ‘अरुनेल्लि’ घेऊ नये. तो आपला रायआवळा, लोणच्याला छान, सुपारीला निरुपयोगी.

नीट वाळलेली बरणी आषाढापर्यंत टिकते, असे जाणत्या गृहिणी सांगतात. ते बरणी वरच्या फळीवर असेल तर. खालच्या फळीवर ठेवणाऱ्या घरांत ती संक्रांतीलाच रिकामी होते, आणि पौषात आवळ्याची दुसरी पिशवी आणावी लागते.