थोरांची सहल



सहल म्हटली, की शाळेची मुले डोळ्यांपुढे येतात. म्हाताऱ्या माणसांची सहल सहसा कोणी काढीत नाही. आमचे म्हणणे असे, की ती गावोगाव निघाली पाहिजे. का, ते ऐका.

पोरे रानात जातात. नातवंडे शाळेत जातात. आजोबा पारावर एकटे, आजी ओसरीवर एकटी. घरात भाकरी मिळते, पण बोलायला माणूस मिळत नाही. खरे पाहता सांगण्यासारखे पुष्कळ काही यांच्यापाशीच असते.

आपल्या चाकूर भागातली नव्वदीची आजी घ्या. ती जन्मली, तेव्हा इथे निजामाचे राज्य होते. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती दिली. 1956 साली हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि मुंबई राज्यात गेले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला. 1982 साली लातूर जिल्हा झाला. आजीने गाव सोडले नाही. तरी तिने तीन राज्ये पाहिली, तीन जिल्हे पाहिले! हा इतिहासच नव्हे काय?

म्हणून आम्ही सांगतो, चार म्हातारी माणसे एकत्र करा. थंडीच्या दिवसांत उदगीरचा किल्ला पाहायला जा. 1760 साली उदगिरास सदाशिवराव भाऊंनी निजामाला हरविले. किल्ल्यात फारसी शिलालेख आहेत. निजामाच्या काळात उर्दू शिकलेला एखादा आजोबा असेल, तर त्याला पुढे करा. जी अक्षरे तरुणांना कळत नाहीत, त्यांतली काही तो ओळखील. त्या दिवशी शिकविणारा तो, शिकणारे आपण.

लांब जाणे झेपत नसेल, तर वडवळ नागनाथचे बेट जवळ आहे. औषधी झाडपाल्यासाठी ते प्रसिद्ध आहे. कोणता पाला कशावर चालतो, ते आजीला विचारा.

खर्चाची फार काळजी नको. 75 वर्षांवरील माणसांना एसटीचा प्रवास फुकट, ही सवलत 2022 साली सुरू झाली. मात्र निघताना आधारकार्ड, पाणी आणि रोजची औषधे बरोबर घ्या. चढण चढवत नसेल, त्याला खाली सावलीत बसवा. सोबत एक माणूस ठेवा. घाई करू नका.

सहलीइतकीच बैठकही महत्त्वाची. महिन्यातून एकदा शाळेच्या ओट्यावर जमा. चहा ठेवा. दर वेळी एकच विषय घ्या. एकदा 1972 चा दुष्काळ. कुणी खडी फोडली, कुणी मिलोची भाकरी खाल्ली, ते बाया सांगतील. एकदा 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप. ती पहाट अजून कोणी विसरलेले नाही.

एक विषय जपून काढावा लागतो. तो म्हणजे 1948 साल. रझाकारांचा जाच सोसलेले घर आपले दुःख सांगेल. पोलीस ॲक्शननंतर मार सोसलेले मुसलमानाचे घरही आपले दुःख सांगेल. दोघांचेही ऐका. कोणाला मध्येच तोडू नका. दुःखाला दुःख म्हणावे, त्यावरून भांडण काढू नये. एका ओट्यावर बसून दोन्ही ऐकणारे गाव शहाणे होते.

आता तुमचे काम. तुम्ही लिहायला शिकलात. एक वही करा. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख लिहा. मग तो जसे बोलेल तसेच लिहा. बोली बदलू नका. लिहिले ते त्याला वाचून दाखवा. ‘हे नको’ म्हणाला, तर खोडून टाका.

उशीर मात्र करू नका. 1948 साली जे पोर दहा वर्षांचे होते, ते आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहे. एक म्हातारे माणूस जाते, तेव्हा त्याच्याबरोबर गावाची एक वही न लिहिताच जाते. ती वही आता तुमच्या हाताने लिहून होऊ शकते. घरी गेल्यावर आजीजवळ बसा. पहिला प्रश्न आजच विचारा.