प्रपंचांतली श्रद्धा

श्रद्धा ही देवळांत किंवा चर्चमध्यें जपून ठेवण्याची वस्तु आहे, कीं शेतांत, बाजारांत आणि स्वयंपाकघरांत वापरण्याची? प्रश्न जुना आहे. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें प्रत्येकाला आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक दिली, आणि १९७६ सालीं तिच्या उद्देशिकेंत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आला. राज्य कोणाच्याही देवाची बाजू घेत नाहीं. मग आपल्या देवाची साक्ष भक्तानें द्यावी कशानें?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर खानदेशांत सांपडतें. जळगांवाजवळच्या असोदा गांवीं १८८० सालीं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. सासर जळगांवचें, पुढें ऐन संसारांत वैधव्य आलें. जात्यावर दळतांना, शेतांत राबतांना त्यांना ओव्या सुचत. चिरंजीव सोपानदेव आणि घरचीं माणसें त्या उतरून ठेवीत. बाई १९५१ सालीं वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें त्यांचीं गाणीं ग्रंथरूप झालीं. त्यांत देव आहे. पण तो मातींत पेरलेल्या दाण्यांत आहे, उगवत्या कोंबांत आहे. भविष्य सांगावयास आलेल्या ज्योतिष्याला मात्र ही बाई दारांतूनच परत पाठवते. देवावरची श्रद्धा तिला कष्टांतून सोडवीत नाहीं. कष्ट करण्याचें बळ देते.

दुसरें उत्तर अधिक खडतर आहे. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताचा मार्ग त्यांना सांपडला, पण घर दुभंगलें. लक्ष्मीबाई सोंवळें-ओंवळें पाळणाऱ्या. त्यांना हा आघात असह्य झाला आणि कित्येक वर्षें पतिपत्नी वेगळीं राहिलीं. येथें टिळकांच्या श्रद्धेची खरी कसोटी होती. व्यासपीठावरून जगावर प्रेम करणें सोपें. ज्या माणसाला आपल्यामुळें दुःख झालें त्याच्याशीं प्रेमानें वागणें अवघड. पुढें लक्ष्मीबाई परत आल्या, त्या स्वतःचें सोंवळें बरोबर घेऊनच. माणसामाणसांतील भेद देवानें केलेले नाहींत, हें त्यांना स्वतःच्या विचारानें पटलें, तेव्हां त्या भेद टाकूं लागल्या. आणि मग १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’मध्यें हंसत हंसत सांगितली आहे. पण त्या हंसण्यामागें किती अश्रु आहेत, हें वाचकाला कळल्यावांचून राहत नाहीं.

टिळकांनीं ख्रिस्ताला मराठी वेष दिला. अभंग, भजन, कीर्तन ह्या घरच्या वाटांनीं त्याला मराठी मंडळींत आणलें. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. १९१९ सालीं ते वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. जिचें घर ह्या श्रद्धेनें एकदां मोडलें होतें, तिनेंच त्या श्रद्धेचें काव्य हातीं घ्यावें, ह्याहून मोठी साक्ष कोणती?

असोद्याच्या लेकीला धर्म बदलावा लागला नाहीं. टिळकांना बदलल्यावांचून राहवलें नाहीं. वाटा निराळ्या, पण माप एकच. श्रद्धेची किंमत ज्याची त्यानें द्यावयाची असते. ती शेजाऱ्याकडून किंवा घरच्या माणसाकडून वसूल करावयाची नसते. आणि नकळत ती त्यांच्यावर पडलीच, तर ते आपल्या मनानें येईपर्यंत वाट पाहण्याचें धैर्य भक्ताच्या अंगीं हवें. कायदा प्रत्येकाला आपापला देव पूजूं देतो. पण दुसऱ्याच्या घरीं पाणी प्यावें, त्याच्या दुःखांत उभें राहावें, त्याच्यावर आपलें मत लादूं नये, हें कायदा शिकवूं शकत नाहीं. तें ज्याच्या त्याच्या श्रद्धेनेंच करून दाखवावयाचें आहे.