घटकाभर बसा

आपल्याकडे कोणी भेटावयास आले आणि उंबरठ्यावरूनच निघू लागले, तर ‘घटकाभर तरी बसा’ असे म्हणण्याची रीत आहे. म्हणणाऱ्याचा आग्रह खरा असतो, आणि ‘छे, आज अगदी घाईत आहे, पुन्हा केव्हातरी निवांत येईन’ हे ऐकणाऱ्याचे उत्तरही खरेच असते. खोटे ठरते ते त्यातले ‘पुन्हा केव्हातरी’ एवढेच. पण ही घटका म्हणजे किती वेळ, याचा हिशेब आता फारसा कोणी करीत नाही. दिवसाच्या ६० घटका. म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची हलकी वाटी तरंगत सोडावयाची. तिच्या बुडाला बारीक छिद्र. त्यातून पाणी चढत चढत वाटी भरली आणि बुडाली, की एक घटका झाली. तेव्हा ‘घटकाभर बसा’ म्हणणारा माणूस आपल्याजवळ २४ मिनिटे मागत असतो. फार नाहीत ती.

मिनिटाचा काच आपल्याभोवती आवळला तो, मला वाटते, आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिला घटकेचे माप चालण्यासारखे नव्हते. पुढे १९०६ साली साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. तरी मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्वतःची वेळ जवळजवळ पन्नास वर्षे सोडली नाही. एवढा मानी हट्ट धरणाऱ्या त्या शहरात आज एक लोकल चुकली तर माणसाचा चेहरा उतरतो, आणि पुढची गाडी चार मिनिटांनी असते!

हे सारे मी मोठ्या जाणतेपणाने सांगत असलो, तरी श्रोतेहो, घाईच्या बाबतीत मी कोणाला हसावे अशी माझी योग्यता नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी अनेक वर्षे दिल्लीत आहे. आई वाईला, कृष्णेकाठच्या जुन्या घरात, एकटी राहात असे. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी तिला फोन करी. हा नेम मी कधी चुकविला नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. प्रश्न ठरलेले असत. वेळेवर जेवतेस ना? गोळ्या चालू आहेत ना? डोळे तपासून आलीस का? तिची उत्तरेही ठरलेली असत. ‘हो रे, हो. सगळं ठीक आहे.’ पाच-सहा मिनिटांत बोलणे आटपे आणि मी पुढच्या कामाला मोकळा होई.

गेल्या वर्षी दिवाळीत घरी गेलो तेव्हा, स्वयंपाकघरातून बाहेर येताना तिचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच चौकटीवर, त्याच जागी. साताऱ्याला नेत्रवैद्याकडे नेले. काचबिंदू निघाला. हा रोग बहुधा दुखत नाही, खुपत नाही. डोळ्याच्या मागची दृष्टीची नस हळूहळू निकामी होत जाते आणि नजर कडांकडून आत आकसत येते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी थेंबांनी राखता येते. आईची एका डोळ्याची नजर बरीचशी गेली होती.

परतताना मोटारीत मी चिडून म्हणालो, ‘अगं, दर रविवारी विचारत होतो ना मी? तू तर हो म्हणत होतीस!’

ती म्हणाली, ‘मला वर्ष-दीड वर्ष फोनवर नीट ऐकूच येत नाही. तू भराभर बोलतोस. पुन्हा विचारावं, तर तुला घाई असते. म्हणून मी आपली हो म्हणायची.’

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. माझी एक गैरसोय तिने परस्पर निवारली होती, इतक्या साधेपणाने तिने ते सांगितले. बाहेर उसाचे मळे मागे पडत होते, आणि मी मनाशी हिशेब करीत होतो की वर्ष-दीड वर्षाचे रविवार किती होतात.

आईला मी दिल्लीला घेऊन आलो. रात्री निजण्यापूर्वी तिच्या डोळ्यांत दोन निरनिराळी औषधे घालावी लागतात. पहिल्याचा थेंब टाकला की डोळे मिटावयाचे, नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरावयाचा आणि दुसऱ्यापूर्वी निदान पाच मिनिटे थांबावयाचे. नाही तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. ही पाच मिनिटे पहिल्या काही रात्री मला किती जड गेली, ते सांगून खरे वाटणार नाही. समोर आई डोळे मिटून बसलेली. करण्यासारखे काही नाही. चौथ्या की पाचव्या रात्री मोबाईलवर आलेल्या एका पत्राला उत्तर देऊन वर पाहिले, तो वीस मिनिटे उलटली होती. आई तशीच, बोट कोपऱ्यावर ठेवून, ताठ बसलेली.

‘हाक का नाही मारलीस?’

‘कामात होतास ना.’

त्या रात्रीपासून मोबाईल दुसऱ्या खोलीत राहू लागला.

तो नसल्यामुळे पाच मिनिटे लहान झाली असे नाही, उलट ती आणखी लांबली. काय बोलावे हे मला सुचेना. पन्नाशी ओलांडलेला मुलगा आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई, दोघे परक्या घरी भेटल्यासारखे गप्प बसत असू. मग एके रात्री, मी काही न विचारता, ती घटिकापात्राविषयी बोलू लागली. तिचे वडील वाईजवळच्या एका खेड्यात भिक्षुकी करीत. लग्नाच्या दिवशी सूर्योदयाला घटिकापात्र मांडले, की त्याच्यापाशी बसवीत ते या आठ वर्षांच्या मुलीला. सारे घर धावपळीत. हिने मात्र जागचे हलावयाचे नाही. वाटी बुडाली की ओरडून सांगावयाचे, मग वडील भिंतीवर कुंकवाचे एक बोट ओढीत. एकदा वाजंत्री आले म्हणून ती पाहावयास धावली, आणि परत येते तो वाटी तळाशी. केव्हा बुडाली कोणास ठाऊक! वडील रागावले नाहीत. अंगणातल्या सावलीवरून त्यांनी अदमास बांधला आणि लग्न लागले. ‘पण त्या मुलीचं सासरी बरं चाललंय ना,’ आई म्हणाली, ‘हे मी पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असे.’

ही गोष्ट मी जन्मात कधी ऐकली नव्हती. अशा आणखी किती तिच्यापाशी आहेत?

वेळ काढणे म्हणतात, पण तो कोठून तरी काढावा लागतो. मी एका मंडळाचे चिटणीसपद सोडले. ‘आईची सबब बरी सापडली,’ असे तेथील एक स्नेही बोलले. रात्री नऊनंतर कचेरीचे बोलावणे घेणार नाही असे मी कळविले; मला हवे असलेले एक काम दुसऱ्याकडे गेले. त्याचे वाईट वाटले, आणि अजूनही वाटते. ते वाटत नाही असे सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

या विषयावर बोलताना अमेरिकेतल्या थोरोचा दाखला देण्याचा प्रघात आहे. १८४५ च्या जुलैत तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला आणि दोन वर्षे, दोन महिने राहिला. मला त्याचा हेवा वाटतो, पण उपयोग होत नाही. तो सत्तावीस वर्षांचा होता, एकटा होता, आणि त्याला कोणाच्या डोळ्यांत थेंब घालावयाचे नव्हते. त्यापेक्षा मला गांधीजी जवळचे वाटतात. कमरेला घड्याळ लावून मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाने सोमवार मौनासाठी राखून ठेवला होता. २ जून १९४७ हा सोमवार होता. फाळणीची योजना घेऊन व्हाइसरॉय माउंटबॅटन समोर बसले होते, आणि गांधीजींनी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून त्यांना कळविले की आज मी बोलू शकत नाही. त्या दिवशीच्या मौनाचा राजकीय अर्थ जाणत्यांनी लावावा. मला आपली ती पाकिटे आठवतात. माझ्या कचेरीत त्याहून कितीतरी क्षुल्लक कामासाठी मी जेवण अर्धे टाकून उठलो आहे.

मात्र हा उपदेश सरसकट सर्वांना करणे मला क्रूरपणाचे वाटते. संध्याकाळच्या लोकलमध्ये मांडीवर भाजी निवडीत घरी जाणाऱ्या बाईला ‘जरा संथ जगा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? तिची घाई तिच्यावर लादलेली आहे. माझी निम्मी तरी मी स्वतः हौसेने वाढविलेली होती. माझ्यावाचून अडते आहे, असे वाटण्यात एक सुख असते. ते सोडावयास मला जड गेले, वेळ नव्हे.

आता थेंबांच्या वेळी मी घड्याळ पाहात नाही. ते काम आईने आपणहून घेतले आहे. मिटल्या डोळ्यांनी ती काहीतरी सांगत असते, मध्येच थांबते, आणि मग म्हणते, ‘भरली रे घटका.’ परवा सहज भिंतीकडे नजर गेली, तो चौदा मिनिटे झाली होती. डॉक्टरांनी निदान पाच मिनिटे थांबा, असे सांगितले होते. मी दुसऱ्या औषधाची बाटली उघडली.